वेगाची भाऊबंदकी

वेगाचे वेड मनुष्याला किती असते हे ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी यात्रेच्या दिवसांत आमच्या शिरूर तालुक्यातील एखाद्या घाटावर येऊन बैलगाड्यांची शर्यत पाहावी. सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. आमच्याकडची रीत निराळी. येथे एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि निकाल लागतो तो घड्याळावर. बारा-पंधरा सेकंदांत सारा खेळ आटोपतो आणि मग सेकंदाच्या शंभराव्या भागावरून दोन गावांत वर्षभर पुरेल इतका वाद माजतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मनाई केली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यासंबंधीचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या साडेसात वर्षांत बैल काही पळावयाचे विसरले नाहीत आणि माणसे काही वाद घालावयाची विसरली नाहीत.

लॅपटॉप नामक यंत्राच्या पोटात प्रोसेसर म्हणून जी चिप असते, तिच्या कारखानदारांची शर्यतही याच जातीची आहे, असे आम्हांस यंदा दिसून आले. तेथेही प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी धावत नाहीत. ठरलेले काम प्रत्येक चिपेला एकटीला देतात, घड्याळ लावतात आणि निघालेला आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात. घाटावर निदान बैल डोळ्यांना दिसतो. येथे तोही दिसत नाही. दिसते ती किंमत.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढची सारी हयात शाळेत शब्दरूपे व समास पाठ करून घेण्यात गेली. तेव्हा असल्या विषयास आम्ही हात घालावा हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण प्रसंगच तसा आला. वडगाव रासाईस, भीमेच्या काठी, आमच्या घरात तेरा माणसे एका पंक्तीस बसतात. त्यांतील आमची नात यंदा पुण्यास संगणकाच्या अभियांत्रिकी शाखेत दाखल झाली. तिला लॅपटॉप घेणे प्राप्त होते. पैसा आमच्या निवृत्तिवेतनातून जावयाचा होता. आणि ज्या वस्तूसाठी आपली गाठ सुटणार ती वस्तू काय आहे हे समजून घेतल्यावाचून पैसा मोजावयाचा नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा परिपाठ आहे. म्हणून दोन महिने नातीलाच गुरू करून आम्ही धडे घेतले. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, चुकणाऱ्या विद्यार्थ्याशी ती आमच्यापेक्षा पुष्कळच सौम्यपणे वागते.

प्रोसेसर म्हणजे यंत्रातला कर्ता. बाकीचे सारे कर्म, करण आणि अधिकरण. त्याला एक ठोका असतो, आणि प्रत्येक ठोक्याला तो कामाचे एकेक पाऊल टाकतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके पडले म्हणजे एक गिगाहर्ट्झ झाला. हल्लीचे प्रोसेसर तीन, चार, पाच गिगाहर्ट्झपर्यंत जातात. हा आकडा मनात ठसेना, तेव्हा आम्ही आमच्या मापाने तो मोजून पाहिला. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत काळाचे अत्यंत सूक्ष्म माप त्रुटी हे दिले आहे. अहोरात्राचे २९१ कोटी ६० लक्ष भाग केले की त्यांतील एक भाग म्हणजे त्रुटी. सेकंदाचा जवळजवळ चौतीस हजारावा हिस्सा. एवढ्या एका त्रुटीत तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे एकोणनव्वद हजार ठोके देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात प्रकाश, जो सेकंदात तीन लक्ष किलोमीटर धावतो, तो अवघा दहा सेंटिमीटर जातो. अर्धी वीतसुद्धा नाही. हे गणित कागदावर मांडून झाल्यावर आम्ही काही वेळ नुसते बसून राहिलो.

आता शर्यतीतल्या मंडळींविषयी. वर्तमानपत्रे इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकन कंपन्यांना हाडवैरी म्हणतात. आमच्या मते ते वैरी नव्हेत, भाऊबंद आहेत. आणि एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांना या दोहोंतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. इंटेल १९६८ साली निघाली, एएमडी १९६९ साली. दोन्हींचे मूळपुरुष, इकडचे नॉइस आणि मूर व तिकडचे सँडर्स, हे फेअरचाइल्ड नावाच्या एकाच वाड्यातून बाहेर पडलेले. १९८१ साली आयबीएमने आपल्या घरगुती संगणकासाठी इंटेलची चिप पसंत केली, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्यास ती तयार नव्हती. म्हणून इंटेलला आपले आराखडे एएमडीला देणे भाग पडले, आणि १९८२ साली तसा करार झाला. पुढे धंदा भरभराटीस आला तेव्हा वाटा द्यावा असे इंटेलला वाटेना. ३८६ नावाची चिप निघाली १९८५ साली. तिचे आराखडे तिने एएमडीला दिले नाहीत. झाले! लवाद, वकील, दावे, अपिले. एएमडीने आपल्या बळावर तीच चिप घडवून १९९१ साली बाजारात आणली, आणि दाव्यांची तडजोड व्हावयास १९९५ साल उजाडले. त्यानंतरही कागद मिटले नाहीत. २००९ साली इंटेलने दुसऱ्या एका वादात एएमडीला १२५ कोटी डॉलर मोजून दिले तेव्हा कोठे ते प्रकरण शांत झाले. आमच्या पंचक्रोशीत बांधावरच्या एका बाभळीपायी तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यामुळे या इतिहासात आम्हांस परके असे काही वाटले नाही.

याच भाऊबंदकीत पुण्याशी नाते सांगणारा एक पुरुष दोन्ही घरांत वावरून गेला, हे आम्हांस ठाऊक नव्हते. विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. कुटुंब फाळणीच्या वेळी रावळपिंडीहून आलेले. दिल्लीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १९७५ साली अमेरिकेस गेले, १९७९ साली इंटेलमध्ये लागले, आणि १९९३ साली जगाच्या पुढे आलेल्या पेंटियम चिपेच्या कामाचे धुरीण झाले. त्या चिपेत एकतीस लक्ष ट्रान्झिस्टर होते. १९७१ सालच्या इंटेलच्या पहिल्या प्रोसेसरात होते सुमारे तेवीसशे. पेंटियमची मुख्य खुबी अशी की, एका ठोक्याला दोन आज्ञा शेजारी शेजारी पार पाडता येत. मग १९९५ साली धाम यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यावरून १९९७ साली एएमडीची के-सिक्स ही चिप निघाली, जी थेट पेंटियमच्या वंशजांवर चालून गेली. म्हणजे एका पक्षाचा गाडा ज्याने जुंपला, त्यानेच दोन वर्षांत दुसऱ्या पक्षाचाही जुंपून दिला. २०२५ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले.

यापुढे जे झाले ते शुद्ध घाटावरचे वेड होते. दोन्ही घरांनी ठोक्यांचा आकडा हेच निशाण मानले. २००० सालच्या ६ मार्चला एएमडीने एक गिगाहर्ट्झची चिप जाहीर केली. ८ मार्चला इंटेलने. दोन दिवसांचे अंतर! पुढे इंटेलने पेंटियम फोर आणली आणि २००४ च्या अखेरीस ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. चार गिगाहर्ट्झचे वचन दिले होते. ते मात्र त्याच वर्षी मागे घेतले.

का मागे घेतले, ही या सगळ्या प्रकरणातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती समजून घेण्यास आम्हांस तीन दिवस लागले. ठोके वाढवण्यासाठी पेंटियम फोरच्या घडवणाऱ्यांनी प्रत्येक आज्ञेच्या कामाचे तुकडे केले, आणि २००४ सालच्या आवृत्तीत त्या तुकड्यांची संख्या एकतीस झाली. पंगतीत एकतीस वाढपी एकामागून एक निघावेत, एकाने फक्त मीठ वाढावे, दुसऱ्याने फक्त लिंबू, तसा प्रकार. प्रत्येकाचे काम इवलेसे, म्हणून पावले भराभर पडतात. पण पुढच्या पानावर कोण बसणार आहे याचा अंदाज बांधून ही रांग आधीच चालू लागते. तो अंदाज चुकला, उपासाच्या पानावर वरणभात पडला, की साऱ्या रांगेने वाढलेले उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची. ठोके पुष्कळ, पण पोटात जाणारे घास त्या मानाने थोडे. त्यात भर उष्णतेची. ठोके वाढवावयाचे तर विजेचा दाब चढवावा लागतो, आणि खर्ची पडणारी वीज त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की, तोटी बंद केली तरी नळ ठिबकत राहावा तशी त्यांतून वीज झिरपू लागली. एवढ्याशा टिकलीतून एकशे पंधरा वॅट उष्णता! मेजावरच्या संगणकात पंखा लावून ती कशीबशी काढता येते. मांडीवर घ्यावयाच्या यंत्रात ती कोठे जाणार?

दोन उपाय निघाले. पहिला उपाय आमच्या पुण्याला आधीच माहीत होता, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. १९८० च्या दशकात भारताला मोठा संगणक हवा होता. अमेरिकेने हवामानाच्या अंदाजापुरता एक क्रे संगणक दिला, पण याहून मोकळा हात ती सोडीना. तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. अतिवेगवान असा एक प्रोसेसर मिळत नव्हता, तर ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर चौसष्ट घेतले आणि काम त्यांच्यात वाटून दिले. लॅपटॉपवाल्यांनी तीच वाट पुढे धरली. २००६ च्या जानेवारीत इंटेलने लॅपटॉपसाठी एका चिपेत दोन गाभे घातले. आज आठ, दहा, सोळा गाभे ही सामान्य गोष्ट आहे. बैल अधिक पळेना, तर बैल वाढवा. अर्थात सगळीच कामे वाटता येत नाहीत. दहा जणींनी मिळून पोळ्या दहापट लवकर होतील, पण विरजण काही दहापट लवकर लागणार नाही.

दुसरा उपाय अधिक सात्त्विक म्हणावा असा: प्रत्येक ठोक्यात अधिक काम, आणि प्रत्येक वॅटमागे अधिक काम. इंटेलच्याच इस्रायलमधील हैफा येथील मंडळींनी खास लॅपटॉपसाठी तशी चिप घडवली आणि ती २००३ साली बाजारात आली. ठोके पेंटियम फोरहून पुष्कळच कमी, पण कामात मागे नाही आणि बॅटरी टिकावयाची जास्त. पुढे २००६ साली इंटेलने मेजावरच्या संगणकांनाही याच वळणाचे प्रोसेसर दिले. ज्या घरात आरडाओरडा मोठा त्या घरातही शेवटी शांत माणसाच्याच हाती किल्ल्या आल्या.

परंतु या बाबतीतला मोठा धक्का दोघां भाऊबंदांना बाहेरून बसला. २०२० च्या १० नोव्हेंबरला ॲपल कंपनीने इंटेलची साथ सोडून स्वतःची एम-वन ही चिप लॅपटॉपात घातली. तिच्यात सोळाशे कोटी ट्रान्झिस्टर, चार गाभे बलवान आणि चार काटकसरी. साधे टिपण चालले असता काटकसरी गाभ्यांनी काम करावे, गणित भारी आले म्हणजे बलवानांनी उठावे. तिच्या हलक्या लॅपटॉपात पंखाच नाही. ही चिप आर्म नावाच्या, मूळ इंग्लंडातल्या पद्धतीच्या आज्ञा समजते. इंटेल आणि एएमडी यांची भाषा निराळी, १९७८ सालापासून चालत आलेली.

येथे आमची गाडी आमच्या ओळखीच्या रस्त्याला लागली. नातीने फरक सांगितला तो असा. इंटेल व एएमडी यांच्या भाषेत आज्ञेची लांबी कमीजास्त असते, एका बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत. एकाच आज्ञेत दोन-तीन कामे गोवलेली असतात. आर्मच्या आजच्या भाषेत प्रत्येक आज्ञा चार बाइटांची, सरळ, एका कामाची. आम्ही म्हणालो, "अग, म्हणजे एकीकडे सामासिक गद्य आणि दुसरीकडे सुटी पदे!" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, अगदी तसेच. आणि इंटेलचा प्रोसेसर आधी समासाचा विग्रह करतो, मगच काम करतो." हे अक्षरशः खरे आहे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून इंटेल आणि एएमडी यांचे प्रोसेसर लांब आज्ञा फोडून तिच्या सोप्या लहान आज्ञा करतात आणि त्या आत पाठवतात. धाम यांची के-सिक्सही त्याच वळणाची. चाळीस वर्षे मुलांकडून विग्रह करून घेतलेल्या माणसाला केवढा आनंद झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. तथापि सगळे श्रेय सुट्या पदांना देणे न्यायाचे होणार नाही. विग्रहाचा खर्च आता फार मोठा राहिलेला नाही असे जाणते म्हणतात. ॲपलचा खरा लाभ हा की, त्यांची घडण फोनच्या चिमुकल्या बॅटरीवर झाली होती. गरिबीत वाढलेल्या मुलाला काटकसर शिकवावी लागत नाही.

त्यानंतर शर्यतीचे निशाणच हलले. एएमडीने २०१७ पासून रायझन या नावाने नवी घडण आणून गेलेली पत सावरली होती, आणि २०२० पासून लॅपटॉपातही ती भारी पडू लागली. क्वालकॉम ही फोनच्या चिपा करणारी कंपनी २०२४ च्या जूनमध्ये आर्म भाषेचा नवा प्रोसेसर घेऊन विंडोजच्या लॅपटॉपात नव्या दमाने उतरली. इंटेलने त्याच वर्षी सप्टेंबरात लुनार लेक या नावाने उत्तर दिले. त्यात आकड्यांपेक्षा बॅटरी किती तास टिकते याचीच चर्चा अधिक होती. आणि मौज अशी की, ॲपल, एएमडी आणि क्वालकॉम या तिघांच्याही या चिपा तैवानातील टीएसएमसी या एकाच कारखान्यात तयार होतात; लुनार लेकचा मुख्य भागदेखील इंटेलने तेथूनच करवून घेतला. चार गावांचे गाडे घाटात उतरावेत आणि चारींची चाके एकाच सुताराने भरलेली असावीत, तशातला प्रकार.

इतके ज्ञान घेऊन आम्ही नातीसह पुण्यास दुकानी गेलो. पहिल्या दुकानातील गृहस्थांनी एक यंत्र पुढे करून "आय-सेव्हन आहे, सर्वांत वरचा," एवढाच मंत्र तीनदा म्हटला. नातीने यंत्र उलटे करून बारीक अक्षर वाचले. तो आय-सेव्हन खरा, पण पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पिढीचा. नव्या पिढीचा आय-फाइव्ह त्याच्या पुढे जातो. सेव्हन हे कुळ झाले. वय निराळे पाहावे लागते. इंटेलने २०२३ साली ते 'आय' अक्षरही गाळून नवी नावे सुरू केली, त्यामुळे गोंधळात भरच पडली. एएमडीचे नामकरण तर पत्रिका मांडण्यासारखे. २०२२ च्या त्यांच्या पद्धतीत चार आकड्यांतील तिसरा आकडा घडणीची पिढी सांगतो: ७५२० मध्ये २०१९ सालची जुनी घडण, ७५४० मध्ये त्याहून दोन पायऱ्या पुढची. पहिले दोन आकडे सारखेच, आणि गिऱ्हाईक पाहतो ते पहिले दोनच! २०२४ पासून त्यांनी ही पद्धतही बदलली.

नावाच्या शेवटी येणारे अक्षर म्हणजे प्रत्यय. आणि प्रत्ययावाचून पदाचा अर्थ लागत नाही, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. शेवटी 'यू' असल्यास प्रोसेसर बेताच्या विजेवर, साधारण पंधरा वॅटवर चालणारा; 'एच' असल्यास पंचेचाळीस वॅटच्या घरातला. शिवाय जाहिरातीतला पाच गिगाहर्ट्झ हा थोड्या अवधीपुरता असतो. यंत्र तापले म्हणजे प्रोसेसर आपणच वेग उतरवतो. शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल, दोघांच्या किमती निराळ्या आणि कामेही निराळी.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो वॅटचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंच्या नातवाला असाच लॅपटॉप घेतला तेव्हा पंचाऐंशी हजार रुपये गेले. 'एच' प्रत्ययाचा, रंगीत दिव्यांचा. त्या वेळी पंगतीत कोणी चकार शब्द काढला नाही. या खेपेस आम्ही दोन महिने शिकलेले घरात सांगत होतो की, नुसत्या वेगामागे धावण्यात अर्थ नाही, ज्याच्या त्याच्या कामापुरते यंत्र घ्यावे. बंधूंनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले होते. ते म्हणाले, "तूच म्हणतोस ना वेगाची गरज नाही? मग तीस हजारांचा घेऊन टाक. मुलीला अभ्यासापुरता पुष्कळ झाला."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या त्या आत निघून गेल्या. आमचे कुटुंब काही बोलले नाही, पण आमच्या पानात ताक वाढताना हात थांबला तो आम्ही पाहिला. तत्त्व खरे असावे आणि त्याचा उपयोग मुलीचे माप कापण्याकडे व्हावा, हे आमच्याने सहन होणारे नव्हते. मुलाच्या वेळी जे तत्त्व कोणाला आठवत नाही, ते मुलीच्या वेळी शास्त्र होऊन बसते. हुंड्याच्या, शिक्षणाच्या, दागिन्यांच्या गोष्टींत हेच पाहत आम्ही म्हातारे झालो. आम्ही बंधूंना एवढेच म्हटले, "दादा, कामापुरते म्हणजे कमी, असा अर्थ कोणत्याच कोशात नाही. पंचाऐंशी हजार हा घराने घातलेला पायंडा आहे. तेवढी रक्कम तिच्या नावाने बाजूला निघेल. काय घ्यावयाचे ते तिने ठरवावे, कारण काम तिचे आहे."

नातीने मोठ्या भावाशी बरोबरी करण्यासाठी त्याच तोलाचे यंत्र मागितले असते तर आम्ही तेही आणून दिले असते. तिने दुसरेच केले. भावाचा लॅपटॉप मागून घेतला, वर्गात शिकवलेला एक मोठा प्रोग्राम त्यावर घातला आणि आमच्या हाती घड्याळ दिले. खांबाची वीज चालू असता काम तीन मिनिटे दहा सेकंदांत झाले. तार काढून नुसत्या बॅटरीवर तेच काम सव्वापाच मिनिटांवर गेले आणि दोन तासांच्या आत बॅटरीने मान टाकली. भाऊ हसून म्हणाला, "तार लावूनच वापरायचा असतो ग तो." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका दुकानदाराने भलेपणाने अर्धा तास बसू दिले, तेव्हा 'यू' प्रत्ययाच्या नव्या पिढीच्या यंत्रावर तिने तेच काम लावले. तारेसह तीन मिनिटे पन्नास सेकंद. तारेशिवायही तीन मिनिटे पन्नास सेकंदच. अर्धा तास सतत राबवले तरी दोन-चार सेकंदांहून अधिक फरक पडला नाही.

पुण्यात राहणाऱ्या वाचकांना कदाचित चाळीस सेकंद ज्यादा लागल्याचे वाईट वाटेल. आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. शेतीपंपाला पुष्कळदा रात्रीचीच पाळी. उसात बिबट्या, त्यामुळे पाणी धरावयास जाणारी माणसे चार-चार मिळून निघतात. नात शनिवारी एस. टी.ने घरी येते, सोमवारी पहाटे जाते. तिचा अर्धा अभ्यास वाटेत आणि अंधारात व्हावयाचा. खांबावर वीज असेल तोवरच धावणारा खोंड तिच्या काय उपयोगाचा?

यंत्र घेतले ते अडुसष्ट हजारांचे. प्रोसेसर बेताच्या विजेचा, पण तात्पुरती स्मृती तिने हट्टाने दुप्पट, सोळा जीबी, घेतली. कारण अलीकडच्या पुष्कळ हलक्या लॅपटॉपांत ती मागाहून वाढवता येत नाही, आणि चार वर्षांच्या शिक्षणात आधी कमी पडते ती तीच, असे तिचे म्हणणे. वजन सव्वा किलो. पिशवी सूनबाईंनी जुन्या इरकलीची शिवली.

उरले सतरा हजार. ते तिच्याच नावाने पोस्टात ठेवले आहेत. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बॅटरी बदलावी लागेल, त्या वेळी उपयोगी पडतील. बंधूंनी परवा जेवणानंतर सुपारी कातरता कातरता विचारले, "त्या सतरा हजारांचे काय झाले?" आम्ही हिशेबाचा कागद त्यांच्या चौरंगावर ठेवला आहे. अजून त्यांनी चष्मा मागितलेला नाही.